रक्त कुठे गेलं? रोमन दंतकथांची मुद्राचित्रं वाचताना

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पेपर हातात आला की आपण आधी काय बघतो? ॲबस्ट्रॅक्ट, आणि लगेच आकृत्या. मजकूर वाचताना आपण शंका घेतो, वाक्य परत वाचतो, ‘हे कशावरून?’ असं विचारतो. आकृती मात्र पाहिली की पटून जाते. ‘दिसतंय ना समोर!’ इथेच आपण फसतो. आकृती कोणीतरी बनवलेली असते. त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं आणि काय मोठं करायचं हे त्या माणसाने आधीच ठरवलेलं असतं.

आज ही सवय मोडायचा सराव करू, पण आपल्या विषयातल्या आकृत्यांवर नको. तिथे आपण लगेच बाजू घेतो. सोळाव्या शतकातली युरोपातली तीन मुद्राचित्रं घेऊ. तिन्हींचे विषय रोमच्या जुन्या दंतकथांतले आहेत आणि तिन्हींत भयंकर हिंसा आहे: एका स्त्रीची आत्महत्या, बापाच्या हुकमाने मुलाचा शिरच्छेद, आणि स्वतःच्या हाताने जाळलेला स्वतःचा हात. या कथा मुख्यतः लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातून चित्रकारांपर्यंत आल्या. म्हणजे आपल्याकडे मजकूर आहे आणि आकृतीही आहे. पद्धत साधी ठेवू: आधी मजकूर, मग चित्र, आणि मग दोघांतला फरक.

एक सावधगिरी आधीच घेऊ. लिव्ही हा ‘मूळ पुरावा’ नाही. ल्युक्रेशियाची घटना परंपरेने इ.स.पू. ५०९ ची मानतात आणि लिव्ही लिहितो त्यानंतर जवळपास ५०० वर्षांनी. शहराच्या सुरुवातीच्या कथा काव्यासारख्या आहेत, त्या खऱ्या की खोट्या हे मी ठरवत नाही, असं तो प्रस्तावनेतच सांगतो. त्यामुळे ‘चित्र इतिहासाशी जुळतं का?’ हा आपला प्रश्नच नाही. ‘चित्रकाराने कथेत काय बदललं आणि त्या बदलाने काय साधलं?’ हा आहे.

तांब्यावरची रेघ

तंत्र दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण पुढे ते लागणार आहे. तिन्ही चित्रं एनग्रेव्हिंग आहेत. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने रेघा कोरायच्या. पत्र्याला शाई फासायची आणि पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई फक्त कोरलेल्या खाचांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की खाचांतली शाई कागदावर येते. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. चर्चच्या भिंतीवरचं चित्र बघायला तिथे जावं लागतं, मुद्राचित्र मात्र माणसापर्यंत चालत येतं. सोळाव्या शतकात प्रतिमा पसरवण्याचा हाच मोठा मार्ग होता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, छाप नेहमी आरशातल्यासारखी उलटी येते, आपल्या रबरी शिक्क्यासारखी. दोन, एनग्रेव्हिंगमध्ये करडा रंग नसतो. कागद पांढरा आणि रेघ काळी. सावली, कातडी, कापड, रक्त सगळं रेघेतूनच बनवावं लागतं. म्हणून मुद्राचित्रात रक्त दिसत नसेल तर ‘राहून गेलं’ असं म्हणता येत नाही. दाखवायचं असतं तर त्यासाठी रेघ कोरावी लागली असती. ती कोरली नाही, हा निर्णय आहे.

पहिलं चित्र: जबाब पुसलेली ल्युक्रेशिया

मार्कान्तोनियो राइमोंदी हा बोलोन्याहून रोमला आलेला एनग्रेव्हर. त्याने सुमारे १५१०–१२ मध्ये राफाएलच्या रेखाटनावरून ल्युक्रेशिया कोरली. हीच प्लेट पाहून राफाएलला आपली रेखाटनं छापून काढावीशी वाटली, असं व्हासारी सांगतो.

आधी लिव्हीची कथा. राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनियस रात्री तलवार घेऊन ल्युक्रेशियाच्या खोलीत शिरतो. ती मरणाच्या धमकीलाही बधत नाही. तेव्हा तो म्हणतो, तुला मारून तुझ्या शेजारी एका गुलामाचं नागडं प्रेत ठेवीन, म्हणजे व्यभिचार करताना सापडलीस असंच लोक म्हणतील. तिच्यावर बलात्कार होतो. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना आणि नवऱ्याला बोलावते, प्रत्येकाने एक विश्वासू माणूस सोबत आणावा असंही कळवते. चौघांसमोर ती गुन्हेगाराचं नाव घेऊन सगळं सांगते आणि सूड घ्यायचं वचन मागते. चौघं तिला समजावतात की संमती नव्हती तिथे अपराधही नाही. ती उत्तर देते की मी स्वतःला दोषातून मोकळं करते, शिक्षेतून नाही. मग कपड्यांत लपवलेला सुरा ती स्वतःला मारून घेते. चौघांतला ब्रूटस तोच सुरा हातात घेऊन शपथ घेतो, आणि त्यातून राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक येतं.

लक्षात घ्या, हा प्रसंग म्हणजे मुळात एक जबाब आहे. साक्षीदार आहेत, आरोपीचं नाव आहे, मागणी आहे.

आता चित्र बघा. ल्युक्रेशिया एकटी उभी आहे. दोन्ही हात पसरलेले, एका हातात खंजीर. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या एखाद्या प्राचीन पुतळ्यासारख्या. मागे शांत निसर्गदृश्य. रक्ताचा थेंब नाही, कारण खंजीर अजून शरीराला लागलेलाच नाही. सेक्स्टस नाही. वडील नाहीत, नवरा नाही, ब्रूटस नाही. शेजारी दगडावर एक ग्रीक वाक्य कोरलेलं आहे. त्याचा आशय असा, की लाजिरवाणं जगण्यापेक्षा मरण बरं.

चित्र देखणं आहे यात वादच नाही. शरीराचा तोल, हातांची आडवी रेषा, कापडाचा भार हे सगळं नुसत्या रेघांत पेललं आहे. पण कथेतून काय काय गेलं? गुन्हेगार गेला. ऐकणारे चौघं गेले. तिचं बोलणं गेलं. तिच्या शब्दांच्या जागी एक सुविचार आला, तोही तिच्या भाषेत नाही, तर रोममधल्या ग्रीक शिकलेल्या पंडितांना वाचता येईल अशा भाषेत. आणि त्या सुविचाराचा निष्कर्ष तिच्या जबाबाच्या बरोबर उलट आहे. लिव्हीची ल्युक्रेशिया म्हणते, माझ्याकडे दोष नाही. दगड म्हणतो, हे जगणं लाजिरवाणं होतं.

‘एवढं काय, एक ओळ तर आहे’ असं वाटेल. पण हा वाद त्या काळाच्याही आधीचा आहे. इ.स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं. त्यानंतर संत ऑगस्टीनने ‘देवाची नगरी’ लिहायला घेतलं आणि पहिल्याच भागात हाच प्रश्न काढला: ती निर्दोष असेल तर तिला मरण का, आणि दोषी असेल तर तिचं कौतुक का? रोमच्या लुटीत ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले आणि ज्या जगल्या, त्यांच्या बाजूने तो उभा राहिला. पण ते करताना ल्युक्रेशियाच्या मनात संमती होती की काय, अशी शंकाही त्याने घेतली. म्हणजे राइमोंदीचं चित्र येईपर्यंत हा प्रश्न ११०० वर्षं गाजत होता. प्लेटवरचं वाक्य हे त्या वादात घेतलेली बाजू आहे. आणि शेकडो प्रतींतून पसरली ती बाजूच. जबाब पुस्तकात राहिला.

माझं मत स्पष्ट सांगते: हे चित्र तंत्रात पहिल्या प्रतीचं आणि कथेशी वागण्यात अप्रामाणिक आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. समीक्षेत ती एकमेकांत मिसळू देऊ नका.

तुलनेला एक गोष्ट बघा. हॉलंडच्या हेंड्रिक गोल्त्झियसने तरुणपणी, १५८० च्या आधीच्या एक-दोन वर्षांत, हीच कथा चार प्लेटांत कोरली: मेजवानी, दासींसोबत सूत कातणारी ल्युक्रेशिया, टार्क्विनियसचा हल्ला आणि शेवटी आत्महत्या. राफाएलची भव्यता तिथे नाही. पण क्रम आहे, कारण आहे आणि गुन्हेगार चित्रात आहे. चार प्लेटांची मालिका असल्यामुळे प्रेक्षकाला ‘हे का झालं?’ असं विचारता येतं.

दुसरं चित्र: गिलोटिन रोममध्ये?

हाइनरिश अल्डेग्रेव्हर हा जर्मनीतल्या झोस्ट गावचा. तळहाताएवढ्या बारीक प्लेटा कोरणाऱ्या ज्या जर्मन कलाकारांना ‘छोटे उस्ताद’ म्हणतात, त्यांच्यातला हा एक. त्याच्या १५५३ च्या प्लेटवर टायटस मॅनलियस आपल्या मुलाला मृत्युदंड देतो आहे.

लिव्हीत हा प्रसंग इ.स.पू. ३४० चा आहे. लॅटिन लोकांशी युद्ध चाललेलं. रांग सोडून कोणी लढायचं नाही, असा सेनापती मॅनलियसचा हुकूम. त्याच्याच मुलाला शत्रूचा एक स्वार द्वंद्वाचं आव्हान देतो. मुलगा लढतो, जिंकतो आणि लुटलेली शस्त्रं अभिमानाने बापाला आणून दाखवतो. बाप सगळ्या सैन्याला गोळा करून त्याला खांबाला बांधायचा हुकूम देतो. लिक्टरची कुऱ्हाड पडते. कथेतला काटा असा, की बापाने तरुणपणी असंच द्वंद्व जिंकून नाव कमावलं होतं. फरक एवढाच, की त्याने आधी परवानगी घेतली होती.

चित्रात कुऱ्हाड नाही. दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये सरकणारं पातं, खाली मुलाची मान. आपण बघताक्षणी म्हणतो, ‘अरे, हे तर गिलोटिन!’ पॅरिसमध्ये गिलोटिन पहिल्यांदा चाललं ते १७९२ मध्ये. हे चित्र त्याच्या २३९ वर्षं आधीचं आहे.

आता संशोधकाची परीक्षा. यावरून काय सिद्ध होतं?

‘रोमन लोकांकडे गिलोटिन होतं’ हे बाद, कारण कथेचा मजकूरच कुऱ्हाड सांगतो. ‘म्हणजे अल्डेग्रेव्हरने असं यंत्र गावात पाहिलं असणार’ हे मोहक आहे, पण घाईचं आहे. न्यूरेम्बर्गच्या गेऑर्ग पेन्त्झने हाच प्रसंग याच्या आधी कोरला होता आणि त्यातही असंच यंत्र आहे. इथे कोणी म्हणेल, ‘बघा, दोन पुरावे झाले!’ थांबा. अल्डेग्रेव्हर हा पेन्त्झ आणि बेहाम बंधूंच्या कामावरून बरंच काही उचलायचा. दुसरं चित्र पहिल्यावरून आलं असेल, तर आपल्याकडे दोन साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार दोनदा बोलतोय. प्रयोगशाळेत एकच नमुना दोनदा मोजून त्याला n = २ म्हणण्यासारखं आहे हे.

मग स्वतंत्र पुरावा कुठला? वस्तू. स्कॉटलंडमध्ये १५६४ मध्ये बनवलेलं ‘मेडन’ नावाचं शिरच्छेदाचं यंत्र आजही एडिंबरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात उभं आहे. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावातही पडत्या पात्याचं यंत्र वापरात होतं. त्यावरून एवढं नक्की म्हणता येतं, की सोळाव्या शतकाच्या युरोपात ही कल्पना ओळखीची होती आणि काही ठिकाणी प्रत्यक्षात होती. झोस्टमध्ये होती, असं या चित्रावरून म्हणता येत नाही. दावा पुराव्याएवढाच ठेवायचा, बोटभरही जास्त नाही.

पण समीक्षेचा प्रश्न वेगळा आहे: यंत्राने कथेचं काय केलं? कुऱ्हाड उचलायला माणूस लागतो. लिक्टरचा हात वर जातो, खाली येतो, आणि तो हात बापाच्या हुकमाने हलतोय हे दिसतं. यंत्रात पातं आपल्या वजनाने पडतं. मारणारा हात दिसेनासा होतो आणि उरतो तो ‘नियम’. ही कथा मुळात एका बापाने कायदा आणि मुलगा यांतून काय निवडलं याची आहे, आणि यंत्र त्या निवडीला थंडपणा देतं. हे माझं वाचन आहे, पुरावा नाही. तरी एक नक्की सांगते: इथे हिंसा लपवलेली नाही. ती करणारी व्यवस्था चौकटीसकट समोर ठेवली आहे. मला ही छोटीशी प्लेट राइमोंदीच्या देखण्या प्लेटपेक्षा प्रामाणिक वाटते.

तिसरं चित्र: जळका हात आणि जीवनचरित्राचा मोह

आता गोल्त्झियसकडे परत. १५८६ मध्ये त्याने ‘रोमन वीर’ ही दहा प्लेटांची मालिका काढली: आठ वीर, एक मुखपृष्ठ आणि एक समारोप. त्यांत पूल एकट्याने राखणारा होरेशियस कॉक्लेस आहे, घोड्यासकट खड्ड्यात उडी घेणारा मार्कस कर्शियस आहे आणि म्युशियस स्कीव्होला आहे.

स्कीव्होलाची कथा अशी. राजा पोर्सेनाने रोमला वेढा दिलाय. म्युशियस त्याच्या छावणीत शिरतो, पण राजाऐवजी तसेच कपडे घालून शेजारी बसलेल्या चिटणीसाला मारतो. पकडला जातो. आम्हाला शरीराची पर्वा नाही हे दाखवायला तो आपला उजवा हात आगीत धरतो आणि हलत नाही. राजा थक्क होऊन त्याला सोडतो. तेव्हापासून त्याचं नाव स्कीव्होला, म्हणजे डावखुरा.

इथे छापेच्या उलटेपणाची आठवण ठेवा. कोणी एखादं छापील चित्र समोर ठेवून तसंच्या तसं पत्र्यावर कोरलं, तर नक्कल आरशातली निघते आणि वीर डावा हात जाळतो. कथेचा पायाच ढासळतो, कारण मग नाव ‘डावखुरा’ का? रसायनशास्त्रवाल्यांना कायरल रेणू आठवतील: सगळे अणू तेच, जोडण्या त्याच, फक्त आरशातली प्रतिमा, आणि परिणाम वेगळा. स्कीव्होलाचं कुठलंही चित्र बघाल तेव्हा आधी हात तपासा.

मालिकेची रचना धाडसी आहे. प्रत्येक प्लेटवर पुढे वीराचं अवाढव्य, स्नायूंनी फुगलेलं शरीर, आणि ज्या कृत्यासाठी तो प्रसिद्ध झाला ते मागे दूरवर, बारीक आकारात. पेपरच्या भाषेत सांगायचं तर निकाल मुखपृष्ठावर आणि पद्धत परिशिष्टात. लिव्हीच्या कथेत एक चिटणीस नाहक मरतो, पण या रचनेत त्याच्यासारख्याला मोठी जागा मिळूच शकत नाही. हिंसा दाखवली आहे, पण तिची पट्टी बदलली आहे. ग्राफचा अक्ष ताणून फरक लहान दाखवतात, तसंच.

आता या चित्राची प्रसिद्ध चरित्रात्मक बाजू. कारेल व्हान मांडरने १६०४ मध्ये छापलेल्या चरित्रात सांगितलंय, की गोल्त्झियस लहान बाळ असताना आगीत पडला आणि त्याचे हात भाजले. एका शेजारणीने उजवा हात चुकीचा बांधला, शिरा आखडल्या आणि तो हात पुढे कधीच पूर्ण उघडला नाही. याच हाताने तो युरोपातला पहिल्या दर्जाचा एनग्रेव्हर झाला. मालिकेनंतर दोन वर्षांनी, १५८८ मध्ये, त्याने एका आखडलेल्या उजव्या हाताचं शाईचं रेखाटन केलं. ते हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये आहे. इटलीत नाव लपवून फिरताना ‘मीच गोल्त्झियस’ हे एका मित्राला पटवायला त्याने आपला हाच हात दाखवला, असंही व्हान मांडर सांगतो.

उजवा हात भाजलेला कलाकार, उजवा हात जाळणारा वीर. मोह होतो ना? लगेच म्हणावंसं वाटतं, ‘हे आत्मचरित्रच आहे!’ पण स्कीव्होला हा आठांपैकी एक आहे. बाकीचे सात? त्यांतला एक पुलावर लढतो, एक खड्ड्यात उडी घेतो. आपल्या कल्पनेला जुळणारी प्लेट उचलायची आणि न जुळणाऱ्या सात सोडायच्या, याला आपल्या विषयात चेरी-पिकिंग म्हणतात. शिवाय स्कीव्होला हा कोणत्याही रोमन वीरांच्या यादीत येणारच. ‘त्याला निवडलं’ यातून फारसं काही कळत नाही. तसंच, आखडलेल्या हातामुळे तो खांद्यापासून ब्युरिन फिरवायचा आणि म्हणून त्याची रेघ जाड-बारीक होत फुगते, हेही वारंवार लिहिलं जातं. शक्य आहे. पण तुलना कशाशी करणार? न भाजलेला गोल्त्झियस आपल्याकडे नाही.

चरित्रापेक्षा मला काळ जास्त बोलका वाटतो. १५८४ मध्ये स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा खून झाला. त्याच्या अंत्ययात्रेच्या प्लेटा गोल्त्झियसनेच केल्या. १५८५ मध्ये अँटवर्प पडलं. आणि १५८६ मध्ये त्याने हे वीर अर्पण केले सम्राट रुडॉल्फ दुसरा याला, ज्याचा सख्खा मामा म्हणजे स्पेनचा राजा फिलिप! राज्यासाठी शरीर झोकून देणारे वीर कोणत्या राज्याचे, हा प्रश्न प्लेटांवर उघडाच राहतो. बंडवाल्याने घेतले तरी चालतात, सम्राटाने घेतले तरी चालतात. हिंसा मागे सारून शरीर पुढे आणलं की वीर कोणालाही विकता येतो. या मालिकेचं यश आणि तिची मर्यादा दोन्ही मला इथेच दिसतात.

आता तुम्ही करा

ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी हजारो मुद्राचित्रं मोठ्या रेझोल्यूशनमध्ये फुकट ठेवली आहेत. कुठलीही एक प्लेट घ्या, तिची कथा वाचा आणि चार प्रश्न लिहून काढा. मजकुरातलं कोण चित्रातून गेलं? चित्रात असं काय आलं जे मजकुरात नव्हतं? काय मोठं झालं आणि काय लहान? आणि माझा दावा या पुराव्यापेक्षा किती मोठा आहे?

मग हेच चार प्रश्न घेऊन तुमच्या विषयातल्या आवडत्या पेपरच्या पहिल्या आकृतीकडे जा. सगळ्यात आधी पहिला विचारा. ल्युक्रेशियाच्या प्लेटवर कोणीही खोटी रेघ मारलेली नाही. फक्त गुन्हेगार आणि साक्षीदार कोरले नाहीत, आणि तेवढ्याने निकाल बदलला.